टंच मशीनसमोर शिकलेलं

मी मूळचा संग्रामपूर तालुक्यातला. चांदीसाठी नावाजलेल्या खामगावात सराफांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून देतो. आमच्याकडची माणसं पेरणीच्या तोंडावर, नाहीतर कपाशी-सोयाबीन हातचं गेलं की डाग मोडायला निघतात. मशीनच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्यावर त्यांचं बियाणं आणि खत ठरतं. या कामातून जे कळलं ते लिहितो.

१. मशीन काय बघतं ते आधी समजून घ्यावं. क्ष-किरण दागिन्यावर पडले की अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याची जागा घेतो आणि उरलेली ऊर्जा किरण होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते : तांब्याची ८.०५ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), सोन्याची ९.७१, चांदीची २२.१६. यामागचा नियम हेन्री मोसली या इंग्रज तरुणाने १९१३ मध्ये शोधला. दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या २७व्या वर्षी तो मारला गेला. आज सातपुड्याच्या पायथ्याच्या बाईची पोत त्याच नियमाने तपासली जाते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

२. मशीन वरवरचंच सांगतं, आणि हा धडा सगळ्यांत मोठा. सोन्यात ते फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं खोल बघतं. वर जाड मुलामा असेल तर आतलं तांबं त्याला दिसतच नाही. उजळा दिलेल्या डागाचंही तसंच : तेजाबाने वरचं तांबं निघून जातं, सोनं राहतं आणि टंच खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून शंका आली की मी आतल्या बाजूला कानस मारून बघतो, कडीवर वेगळं, डाकाच्या जागी वेगळं. एकाच डागाचे दोन-तीन आकडे जुळले नाहीत, तर मालकाची परवानगी घेऊन तो गाळून, लगड करून पुन्हा तपासणं हाच खरा उपाय.

एका म्हातारीने विचारलं होतं, "भाऊ, मशीन खोटं तं नाही ना बोलत?" मी म्हटलं, "आजी, मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं दिसते तेवढंच बोलते."

३. दशांशाकडे काणाडोळा करू नये. दहा ग्रॅमचा डाग ९१.६ ऐवजी ८८ टंचाचा निघाला, तर ०.३६ ग्रॅम शुद्ध सोन्याचा फरक पडतो. गरिबाच्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणून ठाऊक शुद्धतेचा नमुना ठेवून मशीन ताळ्यावर आहे का, हे रोज सकाळी बघावंच.

४. मशीनच्या यादीत नसलेला धातू ते सांगत नाही. इरिडियम आणि रुथेनियम सोन्यात घालून फसवणूक होते. इरिडियमची रेषा ९.१७ केईव्हीवर, सोन्याच्या अगदी शेजारी. साध्या डिटेक्टरला ती वेगळी काढता येत नाही. डाकातलं कॅडमियम मात्र जरूर शोधावं, कारण त्याचा धूर गाळणाऱ्या कारागिराच्या फुफ्फुसात जातो.

५. मण्यांतली लाख मशीनला दिसत नाही. लाखेचा डाग असेल तर टंच आणि वजन यांचा हिशेब वेगवेगळा करावा.

६. वाद झालाच तर अग्निपरीक्षण. शिशासोबत तापवून, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून उरलेलं सोनं तोलायचं. वेळ लागतो, थोडं सोनंही खर्ची पडतं, पण शेवटचा शब्द त्याचाच.

डाग मोडायला येणाऱ्या माझ्या गावकऱ्यांना एवढीच विनंती : आधी तीन जागी टंच काढायला सांगा, कागदावर लिहून घ्या, गाळायच्या आधी आणि नंतर वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. नवा डाग घेताना हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक (एचयूआयडी) 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा. ते तपासायला पैसे लागत नाहीत.