उपग्रहाचें चित्र घरच्या भिंतीवर

१८९२ सालीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 'शांभरिक खरोलिका' नांवाचा खेळ लोकांस दाखविला. कांचेवर रंगविलेलीं चित्रें, त्यांच्या मागें दिवा व पुढें भिंग, हेंच त्याचें मुख्य साहित्य होतें. आजच्या प्रोजेक्टरचें तत्त्व फारसें निराळें नाहीं. मात्र चित्र आतां ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडून येतें. तें आपल्या भिंतीवर कसें आणावें, हें पाहूं.

दूरदर्शनची विनाशुल्क 'डीडी फ्री डिश' सेवा घेऊं. तिचा 'जीसॅट-१५' हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बेटेगांवाहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ५७ अंश उंचीवर येतो. त्या बाजूस ताडाचा शेंडा आड येत नाहीं ना, हें छत्री बसविण्यापूर्वींच पाहावें. छत्री तितकी वर पाहतांना दिसत नाहीं, याचें नवल वाटूं नये. तिच्या विशिष्ट घडणीमुळें ती दिसते त्याहून बरीच वर पाहत असते.

जोडणीपूर्वीं बॉक्स व प्रोजेक्टर या दोहोंची वीज बंद करावी. एचडीएमआय केबलचें एक टोक बॉक्सला व दुसरें प्रोजेक्टरला लावावें. मग आधीं प्रोजेक्टर, नंतर बॉक्स सुरू करून 'सोर्स' या बटनानें एचडीएमआय निवडावें. बहुधा एवढ्यानेंच चित्र उमटतें.

न उमटल्यास मात्र पुष्कळांची फसगत होते. कांहीं बॉक्स या केबलमधून चित्र जणूं कुलूप लावून पाठवितात. जुन्या प्रोजेक्टरजवळ त्याची किल्ली नसते व पडदा काळाच राहतो. बॉक्स बिघडला असें समजून वडीलमाणसें नवा आणावयास निघतात आणि कष्टाचा पैसा व्यर्थ जातो. विद्यार्थ्यांनो, अशा वेळीं तुम्हीं त्यांस क्षणभर थांबवावें. तोच बॉक्स त्याच केबलनें शेजारच्या टीव्हीस लावून पाहा. तेथें चित्र दिसलें तर बॉक्स व केबल दोन्ही ठीक आहेत. मग पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांची एव्ही केबल लावावी. तीस किल्ली लागत नाहीं. चित्र थोडें पुसट येतें, इतकेंच.

प्रोजेक्टरचा आवाज बहुधा क्षीण असतो. बॉक्सच्या पांढऱ्या व तांबड्या छिद्रांतून तो निराळ्या स्पीकरकडे न्यावा. प्रोजेक्टर भिंतीपासून दुप्पट दूर नेल्यास चित्राचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण उजेड चौथाईवर येतो; म्हणून मोठ्या चित्राचा हव्यास नको. पडदा विकत घेण्याचीही आम्हांस गरज वाटत नाहीं. चुना दिलेली सपाट भिंत पुरते.

धाकट्या भावंडांस भिंगांत डोकावूं देऊं नये. त्या प्रखर उजेडानें डोळ्यांस इजा होते. खेळ संपल्यावर दिव्याचा प्रोजेक्टर बटनानें बंद करावा, आणि आंतील पंखा थांबेपर्यंत प्लग काढूं नये.