माणसाचा मिजाज आणि पेढीचा हिशेब

आपल्या बाजारात माणसाला एकदा लागलेला शिक्का लवकर पुसला जात नाही. अमका तापट, तमका थंड, हा बोलका, तो घुमा. मग त्याला कोणते काम द्यायचे, उधारी द्यायची की नाही, त्याच्याशी भागीदारी करायची की नाही, हे सारे त्या शिक्क्यावर ठरते. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे आम्हीही हेच करीत आलो. काही वेळा अंदाज बरोबर निघाला. एकदा मात्र असा चुकला की पैशापेक्षा घराचे नुकसान जास्त झाले. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. भाषेत काही उणे-अधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या विषयाला निमित्त झाला आमचा भाचा. त्याने मोबाइलवर एक चाचणी दाखविली. प्रश्नांची उत्तरे दिली की आपण १६ पैकी कोणत्या प्रकारचे माणूस आहोत ते ती सांगते. तो म्हणाला, "मामू, दुकानातल्या सगळ्यांची घेऊ या. कुणाला कुठे बसवायचं ते लगेच कळेल." आम्ही म्हणालो, "थांब. हे औषध आम्ही एकदा घेतलेले आहे."

हा विचार आला कोठून?

माणसांचे प्रकार पाडणे नवे नाही. युनानी हकीम चार अख्लात मानतात: दम, बलगम, सफरा आणि सौदा. त्यावरून दमवी, बलगमी, सफरावी व सौदावी असे चार मिजाज ठरले. (आपण व्यापारी 'सौदा' म्हटले की देवघेवच समजतो. हकीमांचा सौदा निराळा!) ग्रीक वैद्य जालीनूस याच्यापासून इब्ने सीना (९८०–१०३७) यांच्यापर्यंत हा विचार वाढत गेला. त्यांचा 'अल-कानून' हा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिन भाषेत गेला आणि युरोपातही शिकविला गेला.

आजच्या १६ प्रकारांचे मूळ मात्र वेगळे आहे. स्वित्झर्लंडचे मानसतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या प्रकारांवर पुस्तक लिहिले. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द तेव्हापासून सर्वत्र पसरले. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी युंगच्या विचारावरून प्रश्नावली तयार केली. या दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. तरी ती चाचणी मोठमोठ्या कंपन्यांपर्यंत पोहोचली.

तिच्यात अडचण अशी की ती माणसाला इकडे किंवा तिकडे टाकते. एक तर बोलका, नाही तर अबोल. पण स्वभाव हे मीटरपट्टीसारखे असतात. बहुतेक माणसे मध्ये कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. नोकर निवडण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे ती चालविणारेही सांगतात.

मग वर्णन इतके पटते कसे?

१९४८ साली अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या अध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते किती खरे वाटते यासाठी ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४ च्या वर गेली. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातील बरीच वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. 'तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता', असे म्हटले तर आपल्या गल्लीतील कोणता दुकानदार नाही म्हणेल?

आमची चूक

आमचे थोरले चिरंजीव लहानपणापासून बोलके. धाकटा गप्प. आम्ही म्हणत असू, हा बलगमी मिजाजाचा, याला गिऱ्हाईक सांभाळणे जमणार नाही. थोरल्याला गल्ल्यावर बसविले. २०१३ साली धाकटा धंद्यात आला तेव्हा त्याला गोदामात पाठविले: ग्रे कापडाचा माल उतरवून घे, ताग्यांचे मीटर तपास, चलन लाव. सात वर्षे तो तिथेच राहिला. त्याला काय वाटते हे आम्ही कधी विचारले नाही. मिजाज माहीत होता ना!

इकडे गल्ल्यावर हसणे, चहा आणि उधारी चालू होती. "माल घेऊन जा, पैसे कुठे पळतात?" असे थोरला म्हणे आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटे. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागले. दुकान बंद, येणे बाहेर अडकलेले, आणि सूतवाले व सायझिंगवाले आमच्या मागे. तेव्हा धाकट्याने एक वही आणून ठेवली. प्रत्येक पार्टीचे नाव, माल गेल्याची तारीख, पैसे देण्याचा वायदा, प्रत्यक्ष पैसे आल्याची तारीख आणि उशीर झाल्यास सांगितलेले कारण. हे सारे २०१४ पासून लिहिलेले. कोणती पार्टी वायदा पाळते आणि कोणती फक्त गोड बोलते, हे पानापानांवर दिसत होते.

आम्ही विचारले, "हे आधी का नाही सांगितलेस?"

तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही विचारलं कुठे?"

वसुली त्याच्याकडे दिली. तो फोनवर दोनच वाक्ये बोले, समोरच्याकडून तारीख घेई आणि त्या तारखेला न चुकता पुन्हा फोन करी. दहा महिन्यांत दोन तृतीयांश रक्कम आली. त्याच सुमारास आम्हाला कळले की त्याने सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीचे बोलणे केले होते. इथे आपली गरज नाही असे त्याला वाटत होते. तो थांबला, अल्लाहचे आभार. पण त्याची सात वर्षे आम्ही परत देऊ शकत नाही.

अनुभव आणि अभ्यास काय सांगतात?

१९९१ साली बॅरिक व माउंट या दोन अभ्यासकांनी ११७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यात विक्रेते होते, व्यवस्थापक होते, कारागीरही होते. बोलकेपणाचा उपयोग विक्रीत व व्यवस्थापनात दिसला. पण सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी दिसलेला गुण एकच होता. तो म्हणजे नेटकेपणा: काम वेळेवर, पूर्ण आणि लक्षपूर्वक करणे. २०१३ साली अ‍ॅडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा तीन महिन्यांचा हिशेब पाहिला. सर्वांत जास्त विक्री फार बोलक्यांनी केली नाही आणि फार अबोल माणसांनीही नाही. ती मधल्यांनी केली. फार बोलणारा ऐकतो कमी, हे त्याचे कारण असावे, असे ग्रँट यांनी सुचविले.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची रिवायत आपण ऐकलेली आहे. एकाने दुसऱ्याबद्दल ग्वाही दिली. तेव्हा त्यांनी विचारले की तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याबरोबर सफर केली आहेस काय, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा त्यांनी सांगितले की तू त्याला ओळखत नाहीस. माणूस त्याच्या वागण्यावरून कळतो, हा याचा अर्थ. आमच्या धाकट्याची वही तिसऱ्या प्रश्नाचेच उत्तर होती.

मिजाजाचा उपयोग कसा करावा?

१. सुरुवात स्वतःपासून करावी. आपण तापट असू तर भाव तोडण्याची बोलणी थकल्यावर करू नयेत. भिडस्त असू तर उधारीची मर्यादा आधीच कागदावर ठरवून ठेवावी, म्हणजे तोंडावर नाही म्हणण्याची वेळ येत नाही. आपला स्वभाव बदलणे अवघड आहे. त्याच्याभोवती कुंपण घालणे सोपे आहे.

२. नोकर व कारागीर. चाचणी घेण्यापेक्षा पंधरा दिवस काम देऊन पाहावे, तेही दोन निरनिराळ्या जागी. आणि स्वभाव ठरविण्याआधी परिस्थिती पाहावी. पावरलूमवर बारा तासांची पाळी करणारा माणूस शेवटच्या तासाला चिडला, तर तो त्याचा मिजाज नव्हे, तो थकवा आहे. त्या वेळी कोणीही सफरावीच असतो!

३. उधारी. इथे स्वभावाला जागाच नाही. देवघेव ठरल्या मुदतीची असेल तर लिहून ठेवा, हा सूरह बकराचा (२:२८२) हुकूम गोड माणसालाही लागू आहे आणि रुक्ष माणसालाही. मागील वायदे किती पाळले, एवढेच पाहावे.

४. भागीदारी आणि रिश्ता. 'आमचे स्वभाव जुळतात' एवढ्यावर मोठा निर्णय घेऊ नये. भागीदाराबरोबर आधी एक हंगाम छोटा सौदा करून हिशेब मिटवून पाहावा. मुलामुलीचा रिश्ता ठरविताना घरात ते रागाच्या वेळी कसे वागतात, दिलेला शब्द पाळतात का, याची चौकशी करावी. आणि मुलामुलीलाच विचारावे.

५. अंदाज लिहून ठेवावा. 'हा माणूस या कामाला चालेल' किंवा 'चालणार नाही' असे वाटले तर तारीख घालून लिहावे आणि तीन महिन्यांनी ते पान उघडावे. आपले किती अंदाज चुकतात हे पाहून आम्ही थक्क झालो.

आज आमच्या पेढीवर थोरला खरेदी आणि विक्री पाहतो, कारण माणसे जोडणे त्याला खरोखर येते. उधारीची मर्यादा धाकटा ठरवितो. तोही आठवड्यातून दोन दिवस गल्ल्यावर बसतो. काही जुनी गिऱ्हाइके आता त्यालाच विचारतात, कारण तो त्यांचे बोलणे पुरते ऐकून घेतो. हे त्याला जमणार नाही असे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो.

भाच्याला आम्ही चाचणी घेऊ दिली, पण करमणूक म्हणून. एक अट घातली. निकाल आला की त्या माणसाला विचारायचे, "हे तुला खरे वाटते का? आणि तुला कोणते काम करायला आवडेल?" पहिल्या दिवशी आमच्या गाठी बांधणाऱ्या माणसाने सांगितले की त्याला हिशेब शिकायचा आहे. तो आमच्याकडे नऊ वर्षांपासून आहे.