मत मागणारा आणि मत शिकविणारा

(अभ्यासाचा पाठ)

निवडणूक जवळ आली म्हणजे गांवांत दोन प्रकारचीं माणसें येतात. एक म्हणतो, "अमक्याला मत द्या." दुसरा म्हणतो, "तुमचें नांव यादींत आहे कीं नाहीं तें पाहा, उभे कोण कोण आहेत तें समजून घ्या, आणि मग आपल्या बुद्धीनें मत द्या." पहिला मत मागणारा आहे, दुसरा मत शिकविणारा आहे. दोघांचेंही काम न्याय्य आहे. परंतु हीं दोन कामें एकाच तोंडानें करूं पाहणाऱ्यावर कोणाचा विश्वास राहत नाहीं. ह्या पाठांत आम्ही दुसऱ्या कामाचा विचार करणार आहों. हें काम हातीं घेणाऱ्या मंडळानें वर्षभर काय काय योजावें, आणि त्याकरितां पैसा कोठून आणावा, असे दोन प्रश्न त्यांत येतात. ते वेगळाले दिसतात. पण पुढें आपणांस कळून येईल कीं, पैसा कोणाचा घेतला ह्यावरच शिकविण्याची किंमत ठरते. दूरदेशींच्या तीन उदाहरणांवरून हें पाहूं.

१. स्त्री-मतदार संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'लीग ऑफ विमेन व्होटर्स', म्हणजे स्त्री-मतदारांचा संघ, ह्या नांवाची एक जुनी संस्था आहे. ती १४ फेब्रुवारी १९२० रोजीं शिकागो शहरीं स्थापन झाली. स्त्रियांस मताचा हक्क मिळावा म्हणून पुष्कळ वर्षें झटलेल्या बायकांनींच ती काढिली. तो हक्क देणारी राज्यघटनेची एकोणिसावी दुरुस्ती त्याच वर्षीं ऑगस्टच्या १८ तारखेस मंजूर झाली. म्हणजे हक्क हातीं येण्याच्या सहा महिने अगोदर संघ उभा राहिला होता. कॅरी चॅपमन कॅट ह्या बाईंनीं ही कल्पना मांडिली, व मॉड वुड पार्क ह्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. कायद्यानें हक्क मिळणें ही एक गोष्ट, आणि तो वापरतां येणें ही दुसरी गोष्ट, हें त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनीं मतदारांचे वर्ग भरविले. नांव कसें नोंदवावें, मतपत्रिका कशी भरावी, गांवचा व राज्याचा कारभार कोण चालवितो, हें त्या वर्गांत शिकविलें जाई.

संघाचा मुख्य नियम असा आहे कीं, त्यानें कोणत्याही पक्षाची किंवा उमेदवाराची बाजू घ्यावयाची नाहीं, व कोणास विरोधही करावयाचा नाहीं. ह्याचा अर्थ संघाला स्वतःचें मतच नाहीं असा नव्हे. शाळा, पाणी, निवडणुकीचे कायदे अशा एखाद्या विषयाचा सभासद अभ्यास करितात, आणि पुष्कळ विचारान्तीं एकमत झालें तर संघ तें उघडपणें मांडतो. सभासदांनीं स्वतःपुरतें पक्षांत जाण्यासही मनाई नाहीं. कॅटबाई तर स्त्रियांस पक्षांत शिरा असेंच सांगत. मनाई आहे ती संघाच्या नांवानें एखाद्या माणसास निवडून आणण्याची किंवा पाडण्याची.

२. वर्षाची कामें

निवडणुकीच्या आदल्या आठवड्यांत जागे होऊन हें काम होत नाहीं. संघाच्या स्थानिक शाखा वर्षाची आंखणी आधीं करितात. सप्टेंबर महिन्यांत तेथें मतदार-नोंदणीचा राष्ट्रीय दिवस पाळितात. हा प्रघात २०१२ सालीं सुरू झाला. त्या दिवशीं ग्रंथालयें, महाविद्यालयें व बाजार अशा ठिकाणीं मेजें मांडून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचीं नांवें नोंदवून घेतात. त्यानंतर उमेदवारांच्या सभा भरवितात. तेथें प्रत्येकास सारखाच वेळ मिळतो व श्रोत्यांचे प्रश्न घेतले जातात. मतदान नोव्हेंबर महिन्यांत, पहिल्या सोमवारानंतरच्या मंगळवारीं होतें. तें आटोपल्यावर संघ नगरपालिकेच्या बैठकांस हजर राहतो, पुढील वर्षाच्या अभ्यासाचा विषय ठरवितो, व वार्षिक सभा भरवितो.

संघाच्या कामांतील विशेष उपयोगी वस्तु म्हणजे मतदारांची माहितीपुस्तिका. सर्व उमेदवारांस तेच प्रश्न विचारावयाचे, आणि त्यांचीं उत्तरें त्यांच्याच शब्दांत छापावयाचीं. ज्यानें उत्तर दिलें नाहीं त्याच्या नांवापुढें 'उत्तर आलें नाहीं' एवढेंच लिहावयाचें, दुसरी टीका करावयाची नाहीं. २००६ सालापासून हीच माहिती इंटरनेटवरही दिली जाते.

३. पैसा

एवढ्या कामास पैसा लागतोच. छपाईस लागतो, सभागृहाच्या भाड्यास लागतो, टपालास लागतो. सभासदांची वर्गणी हा पहिला आधार. त्याखेरीज लहानमोठ्या देणग्या येतात. कोठें जुन्या पुस्तकांची विक्री करितात, कोठें भोजन ठेवून त्याचीं तिकिटें विकतात.

१९५७ सालीं संघानें मतदार-शिक्षणाकरितां वेगळा निधि काढिला. कायद्याविषयींचें आपलें मत मांडण्याचें काम एका खात्यांत, व निव्वळ शिक्षणाचें काम दुसऱ्या खात्यांत, असे दोन भाग पाडिले. शिक्षण-निधीस देणगी देणाऱ्यास प्राप्तीवरील करांत सूट मिळते. परंतु अशी सूट देणाऱ्या अमेरिकन कायद्यांत १९५४ पासून एक अट आहे: जी धर्मादाय संस्था ही सवलत घेते तिनें कोणत्याही उमेदवाराच्या बाजूनें किंवा विरुद्ध प्रचार करूं नये. अशा रीतीनें दात्याच्या पैशाबरोबरच निःपक्षपातीपणाचें बंधनही संस्थेवर येतें.

हें बंधन कागदावर पाळणें सोपें. मोठ्या माणसांसमोर पाळणें कठीण. १९७६, १९८० व १९८४ ह्या वर्षीं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे जाहीर वादविवाद संघानें भरविले. १९८० सालीं जॉन अँडरसन हे कोणत्याही पक्षाचे नसलेले उमेदवार उभे होते. संघानें त्यांसही बोलाविलें. तेव्हांचे राष्ट्राध्यक्ष कार्टर ह्यांनीं त्या वादविवादास येण्याचें नाकारलें, तरी संघानें आमंत्रण मागें घेतलें नाहीं, आणि रीगन व अँडरसन ह्या दोघांचाच वादविवाद झाला. १९८८ सालीं ह्याहून मोठा प्रसंग आला. दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रचारकांनीं आपसांत करार केला कीं, प्रश्न विचारणारे कोण असावे, सभागृहांत कोणास बसवावें, हें सर्व त्यांनींच ठरवावें. संघाचें फक्त नांव राहणार होतें. संघानें ३ ऑक्टोबर १९८८ रोजीं अंग काढून घेतलें. त्यायोगें मोठा मान गेला. परंतु दुसऱ्याच्या हुकुमानें चालणाऱ्या सभेवर आपलें नांव घातलें असतें, तर तें नांव पुढें कोणीं मानिलें असतें?

४. बेटावरील शाळा

एकोणिसाव्या दुरुस्तीनें स्त्रियांस मत दिलें खरें. तथापि अमेरिकेच्या दक्षिण भागांतील काळ्या लोकांस, पुरुषांस काय आणि स्त्रियांस काय, तो हक्क पुढें कित्येक वर्षें वापरतां आला नाहीं. दक्षिण कॅरोलिना राज्यांत नांव नोंदविण्यापूर्वीं राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळाच मिळाली नव्हती त्यांच्या वाटेंत ही भिंत मुद्दाम उभारलेली होती.

चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स नांवाचें बेट आहे. तेथील ईसॉ जेन्किन्स हे मजुरांना आपल्या मोटारींतून शहरांत नेत असत. वाटेंत ते उतारूंस राज्यघटनेचा तो भाग समजावून देत. पण तोंडपाठ केल्यानें वाचतां येत नाहीं. ह्याच वेळीं सेप्टिमा क्लार्क ह्या शाळाशिक्षिकेची, काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या एका संस्थेचें सभासदत्व सोडलें नाहीं म्हणून, १९५६ सालीं नोकरी गेली होती. त्या व जेन्किन्स ह्यांनीं हायलँडर नांवाच्या प्रौढशिक्षणाच्या संस्थेकडे मदत मागितली. हायलँडरनें १५०० डॉलर उसने दिले. त्यांतून बेटावरील एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढील भागांत किराणा मालाचें सहकारी दुकान, आणि मागील खोल्यांत १९५७ च्या जानेवारींत रात्रीचा वर्ग सुरू झाला. शेतांतील काम कमी असतें असे हिंवाळ्याचे दोन महिने त्यांनीं मुद्दाम निवडले.

शिकविण्याकरितां बर्निस रॉबिन्सन ह्यांस बोलाविलें. त्या शिक्षिका नव्हत्या. केशभूषेचा व शिवणाचा धंदा करीत. पहिल्या रात्रीं चौदा प्रौढ माणसें आलीं. रॉबिन्सनबाईंनीं त्यांस प्रथम विचारिलें, तुम्हांस काय शिकावयाचें आहे? कोणास सही करावयाची होती, कोणास मनिऑर्डर भरावयाची होती, कोणास मुलाचें पत्र वाचावयाचें होतें, आणि मतदार म्हणून नांव तर नोंदवावयाचें होतेंच. ह्या सर्वांतूनच त्यांनीं पाठ तयार केले. पुढें असे वर्ग दक्षिणेंतील पुष्कळ राज्यांत पसरले. त्यांत शिकविणारे बहुतेक लोक साधे शेतकरी, शिंपिणी व दुकानदार होते.

५. मोठा निधि व त्याचा शेवट

ह्या कामाची गरज पाहून १९६२ सालीं अटलांटा शहरीं 'व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट' नांवाची योजना निघाली. कांहीं मोठ्या धर्मादाय निधींनीं तिला पैसा दिला. पक्षाचें काम करावयाचें नाहीं, ही अट होतीच. योजनेनें तो पैसा ठिकठिकाणच्या संस्थांस वांटून दिला, व प्रत्येकीकडून हिशेब आणि नोंदणीचे आंकडे मागितले. १९६४ च्या अखेरपर्यंत सुमारें सात लाख नवे मतदार नोंदले गेले. १९६५ सालीं मताधिकाराचा कायदा झाला व वाचनाच्या परीक्षा बंद पडल्या.

१९६९ सालीं करांच्या कायद्यांत नवे नियम आले. निधींकडून मतदार-नोंदणीस पैसा घेणाऱ्या संस्थेनें निदान पांच राज्यांत काम करावें, आणि कोणत्याही एका दात्याकडून एकचतुर्थांशाहून अधिक पैसा घेऊं नये, असें ठरलें. हे नियम काम करणाऱ्यांस जड गेले. पण एकाच थैलीवर अवलंबून राहूं नये, ही त्यांतील शिकवण खोटी नव्हे. ही योजना अखेर १९९२ सालीं बंद पडली. बेटावरील वर्ग मात्र उसन्या थोड्या पैशावर, दुकानाच्या आडोशास व शेजाऱ्यांच्या श्रमावर उभा राहिला होता. मोठ्या देणगीनें काम लवकर पसरतें. तें टिकतें पुष्कळांच्या लहान वर्गणीनें.

६. आपल्या गांवीं

आपल्या देशांत एकवीस वर्षांवरील सर्वांस पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच मत मिळालें, व १९८९ पासून वयाची मर्यादा अठरा वर्षें झाली. तरी नांवाचा प्रश्न आपल्याकडेही होता. १९५१-५२ च्या निवडणुकीकरितां याद्या करितांना, विशेषतः उत्तरेकडील कांहीं राज्यांत, पुष्कळ बायकांनीं स्वतःचें नांव न सांगतां 'अमक्याची बायको' किंवा 'अमक्याची मुलगी' असें सांगितलें. अशा सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गेलीं. कोणी त्यांस शत्रुत्वानें अडविलें नव्हतें. आपलें नांव सांगावें, हें शिकविणारा कोणी भेटला नाहीं.

म्हणून ज्यांस आपल्या गांवीं हें काम करावयाचें आहे त्यांनीं प्रथम यादी वाचावी. नवीन नांवाकरितां नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. पूर्वीं १ जानेवारी ही एकच तारीख धरीत. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर ह्या महिन्यांच्या पहिल्या तारखा धरितात. तेव्हां वर्षांतून चार वेळां घरोघरीं विचारणा करावी: कोण अठरा वर्षांचा झाला, कोणती सून नवी आली, कोण वारला, कोण कायमचा दुसऱ्या गांवीं गेला. २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस २०११ पासून पाळितात. त्या दिवशीं चावडीवर किंवा शाळेंत एक लहानसा वर्ग घेतां येईल.

खर्चाविषयीं आमची सूचना अशी आहे. प्रत्येक घरानें देतां येईल तेवढी वर्गणी द्यावी, मग ती पांच रुपये कां असेना. दोघांच्या सह्यांखेरीज पैसा काढूं नये. हिशेब सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं लावावा. उमेदवाराकडून किंवा त्याच्या माणसांकडून कांहींच घेऊं नये. पैसा नको, तसाच मंडप नको, जीप नको, चहाही नको. मंडप ज्याचा आहे त्याच्याविषयीं त्याच मंडपांत मोकळेपणानें प्रश्न कोण विचारील? कामास पैसा कमी पडला तर काम लहान करावें. कंदिलाच्या उजेडांत बसलेली दहा माणसें, ज्यांच्यावर कोणाचें ऋण नाहीं, तीं ह्या शिक्षणास पुरेशीं आहेत.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. मत मागणें व मत शिकविणें ह्यांत भेद कोणता?
२. स्त्री-मतदार संघानें १९८८ सालीं अंग काढून घेतलें, तें कां?
३. जॉन्स बेटावरील वर्गाची सुरुवात प्रश्नानें झाली, पुस्तकानें नव्हे. ह्यापासून आपण काय घ्यावें?
४. आपल्या वाडींतील कोणाकोणाचीं नांवें यादींत नाहींत? तीं नोंदविण्याचें काम कोण पत्करील, आणि केव्हांपर्यंत?