सगळं एकाच दिवशी नको गं

मने, घर पक्कं झालं, पेढे पोचले. आता तुझा मध्यरात्रीचा मेसेज. 6 लाख डॉलरचं कर्ज सगळंच्या सगळं दोन वर्षांना फिक्स करू, की भाग पाडू? भाग पाड. पण का, ते नीट ऐक. ब्रोकर घाईघाईत सांगणार आणि जावईबापू नुसती मान डोलावणार.

बाबांना विचारू नकोस. त्यांचं कर्ज फ्लोटिंग होतं, भारतात बहुतेकांचं तसंच असतं. दर हलला की हप्ता किंवा मुदत हलते, आणि हाताशी पैसे आले की भरून टाकायचे, दंड नाही. न्यूझीलंडची तऱ्हा निराळी. कर्ज 30 वर्षांचं, पण दर बांधून मिळतो तो सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. मुदत संपली की त्या दिवशीचा दर तुझ्या नशिबी. आपण काही कळवलं नाही तर बँक फ्लोटिंगवर टाकून मोकळी होते, आणि तो दर सहसा चढाच असतो.

2021 मध्ये इथे एका वर्षाचा दर 2.5 टक्क्यांच्या आसपास होता. मग इथल्या रिझर्व्ह बँकेने ओसीआर, म्हणजे तिचा मूळ व्याजदर, 0.25 वरून 5.5 वर नेला, आणि 2023 मध्ये तोच एका वर्षाचा दर 7 च्या पुढे गेला. ढोबळ हिशोब कर. 6 लाखांवर 2.5 ने वर्षाचं व्याज 15,000 डॉलर, 7 ने 42,000. सगळं कर्ज एकाच दिवशी सुटलं असतं, तर वर्षाला 27,000 चा दणका एकदम. दोन-दोन लाखांचे तीन भाग एक, दोन आणि तीन वर्षांना असते, तर पहिल्या खेपेला 9,000. तेही थोडे नाहीत, पण बाकीच्यांची तयारी करायला वेळ मिळतो.

दर उतरायला लागले की उलटं होईल. एक भाग जुन्या चढ्या दराला अडकलेला असेल आणि कुणीतरी मैत्रीण बार्बेक्यूला आपला स्वस्त दर ऐकवेल. ऐकून घ्यायचं.

आता आपल्या दोघींतलं. बाळाचा विचार आहे म्हणालीस ना? सरकारी पेरेंटल लीव्हचे पैसे 26 आठवडे मिळतात, पण त्यालाही कमाल मर्यादा आहे. तुझ्या पगाराएवढे येणार नाहीत. तेव्हा मोठा भाग नेमका त्या महिन्यांत रिफिक्सला येणार नाही, असं बघ. शिवाय 20-30 हजारांचा एक भाग फिक्स न करता रिव्हॉल्विंग क्रेडिटमध्ये ठेव. पगार त्यातच जमा होतो, तेवढ्यावरचं व्याज वाचतं, अडीअडचणीला काढताही येतात. मर्यादा मात्र छोटीच घे. जावईबापूंचा ऑनलाइन खरेदीचा हात मला ठाऊक आहे.

पुण्याच्या फ्लॅटचे पैसे पुढच्या वर्षी येणार असतील, तर साधारण तेवढाच भाग एका वर्षाला लाव. फिक्स भागात मुदतीआधी मोठी रक्कम भरलीस तर ब्रेक फी लागू शकते, त्यातून दर उतरलेले असले तर हमखास. तुझे परत आलेले पैसे बँकेला कमी दराने लावावे लागतात ना.

पण पाच-सहा भाग करू नकोस. उद्या बँक बदलायची म्हटलं, तर कुठला ना कुठला भाग फिक्स असणारच, आणि तो सोडवायचा तर ब्रेक फी. बँकेला हे कळतं, मग घासाघीस करायला आपल्याला तोंड राहत नाही. वर कॅशबॅक घेतला असशील, तर तीन-चार वर्षांच्या आत गेल्यास तोही परत मागतात.

रिफिक्सच्या तारखा दोघांच्याही फोनमध्ये टाका, दोन महिने आधीची आठवण लावून. बऱ्याच बँका थोडं आधी दर पक्का करून देतात. वेबसाइटवरचा आकडा बघून लगेच हो म्हणायचं नाही. दुसऱ्या बँकेचा दर सांगायचा आणि अजून किती खाली येता ते विचारायचं. लाजायचं कसलं त्यात? आणि ऑफरचे कागद आले की सहीआधी मला पाठव. ब्रेक फीचं आणि कॅशबॅकचं कलम मी वाचते.