परक्या मुलखाचं रोप : कर्ज उचलण्याआधी विचारायचे तीन प्रश्न



मोबाईलवर स्ट्रॉबेरी आणि ड्रॅगन फ्रूटचे व्हिडिओ बघून "आपणही लावू, गटातून कर्ज घेऊ" असं बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर.

परदेशी झाड म्हणून घाबरायचं कारण नाही. मिरची, टोमॅटो, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. आज ती आपल्या घरची झाली, कारण त्यांना आपली हवा मानवली. म्हणून रोप घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. त्याला हवा कशी लागते?
स्ट्रॉबेरीला थंड रात्री लागतात. महाबळेश्वर जवळपास 1350 मीटर उंचीवर आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते आणि हिवाळ्यात फळ येतं. तिथल्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या माकणीत हिवाळा थोडे दिवस आणि वैशाखात पारा 40 च्या पुढे. हौस म्हणून दोन कुंड्या लावा, पण त्यासाठी कर्ज काढू नका.

२. पाणी आणि माती कशी लागते?
ड्रॅगन फ्रूट हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. पाणी कमी लागतं, हे खरं. पण मुळाशी पाणी साचलं की ते सडतं. आपल्या काळ्या रानात उंच गादीवाफा करूनच लावावं लागतं. उन्हाळ्याच्या कडक उन्हात फांद्या पिवळ्या पडून भाजतात, तेव्हा सावलीची जाळी लागते. जाळी आणि सिमेंटचे खांब हा खर्च आधीच हिशोबात धरा.

३. पैसा कधी हातात येतो?
पहिलं थोडं फळ यायलाच साधारण दीड वर्ष जातं. गटाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. तो मधल्या काळात कशातून भरणार? शेळी, शिलाई की मजुरी? याचं उत्तर नसेल तर थांबा.

मग करायचं काय? आधी दोनच खांब रोवा, खांबाला चार रोपं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. झाड तगलं तर त्याच्याच फांदीचे फूटभर तुकडे कापा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि पिशवीत लावा. नवीन रोप तयार! म्हणजे एकीच्या दारात जगलेलं झाड गटातल्या सगळ्यांना पुरतं आणि रोपांचा खर्च वाचतो.

शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयात किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दोघी-तिघी मिळून जा, एकटीने जाऊ नका. रोपं विकणाऱ्याचा शब्द शेवटचा मानू नका.

बैठकीचा अभ्यास : प्रत्येकीने एका झाडाचं नाव घ्यायचं आणि या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. सचिव ताईंनी ती वहीत लिहून घ्यावीत. कर्जाची मागणी त्यानंतरच मांडायची.