दोन चुलींची शेगडी : उष्णतेचा जमाखर्च

दुकानाचा जमाखर्च आपण रोज पाहतो. परंतु स्वयंपाकघरात किती उष्णता कामी आली व किती वाया गेली, याची खतावणी फारच थोड्या घरी होते. म्हणून हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

पूर्वीच्या मातीच्या चुलीस शेजारी वैल असे. चुलीतील तप्त वायू आतल्या भोकावाटे वैलाखाली जाई आणि एकाच जाळावर दुसरे भांडे शिजे. आजच्या शेगडीवर दोन ज्योती स्वतंत्र जळतात. एकीची वाया गेलेली उष्णता दुसरीच्या उपयोगी पडत नाही.

उष्णता तीन मार्गांनी जाते. ज्योतीचे तप्त वायू भांड्याच्या बुडास भिडतात, हे अभिसरण. बुडाच्या धातूतून ती आत पोहोचते, हे वहन. भोवतालच्या वस्तू दुरूनच तापतात, हे प्रारण. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानक ४२४६ ने औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के ठरविली आहे. म्हणजे चांगल्या शेगडीवरही शंभरातील काही भाग बुडीत खाती जातोच. ज्योत बुडाबाहेर आली, झाकण नसले, की हा तोटा वाढतो. आमचा व्यवसाय धान्याचा, म्हणून अनुभवाने सांगतो : डाळ आधी भिजविल्यास लवकर शिजते. प्रासुक पाणीही झाकण ठेवूनच उकळावे. ज्योत निळी असावी; पिवळी दिसल्यास ज्वलन अपुरे आहे असे समजून बर्नर स्वच्छ करवावा, कारण अपुऱ्या ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो.

वाया गेलेली उष्णता केवळ तोटा करून थांबत नाही. ती शेजारच्या भांड्याची मूठ, रबरी नळी आणि कापड तापविते. आमच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे एका खोलीत राहतात. आपल्या दुकानांतील नोकरमाणसेही त्यांत आहेत. चूल, अंथरूण आणि साड्यांचे गठ्ठे तेथे शेजारी शेजारी असतात. कृत्रिम धाग्याचे कापड पेटल्यास वितळून अंगास चिकटते. म्हणून गठ्ठे शेगडीपासून दूर ठेवावेत.

शेगडी ओट्यावर व सिलिंडर खाली, उभा असावा. नळी शेगडीमागून नेऊ नये. मानकाचा शिक्का असलेली घ्यावी व पाच वर्षांनी बदलावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडीने कदापि नव्हे. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

शेगडी पेटविण्यापूर्वी मुंगी-किडा पाहून ती पुसावी, ही जयणा आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. त्याच वेळी नळी व बटणांवरही दृष्टी टाकली, तर सूक्ष्म जीवांबरोबर घरच्या माणसांचेही रक्षण होईल. हाच नियम आपल्या नोकरमाणसांच्या घरीही समजावून सांगावा, अशी नम्र विनंती आहे.

लिहिण्यात काही उणेअधिक झाले असल्यास क्षमा असावी.