अंगठा घ्यायला येतील, तेव्हा

मेंदूत रक्तस्राव झाला आणि आमचे हे कोमात गेले. पैसा अडकला, आणि ह्यांच्या वतीने बोलणारे नातेवाईक एकाएकी वाढले.

एका दुपारी औषधे घेऊन परतले, तर दीर ह्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबत होते. उशाशी स्टॅम्पपेपर, वाळूजच्या प्लॉटचा. मला बघून म्हणाले, "वहिनी, दादाचीच इच्छा होती. घरातल्या घरात कसलं आलंय कोर्ट?" महिनोन्‌महिने डोळे न उघडलेल्या माणसाची इच्छा दिरांना कुठून कळली? ज्याला त्या प्लॉटमधून एक पैही मिळायची नाही आणि जो फक्त ह्यांचे भले बघून बोलेल, असा माणूस त्या खोलीत नव्हता. मी कागद ओढून घेतला. "वहिनीलाच पैसा हवाय," असे अजून बोलतात. बोलोत.

ह्यांच्या खात्यासाठी बँकेने माझी सही नाकारली. कोणीतरी जिल्हाधिकारी कार्यालयात धाडले. तिथली समिती १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमते, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठीच. कोमातल्या माणसासाठी वेगळा कायदाच नाही. शेवटी उच्च न्यायालयाच्या आमच्या भागातल्या खंडपीठात घटनेच्या कलम २२६ खाली याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका पत्नीला कोमातल्या पतीची पालक नेमले होते, तो निकाल कामी आला.

म्हणून सांगते:

कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे तो अधिकार संपतो. आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते.

रुग्णाच्या अवस्थेचा डॉक्टरांचा लेखी दाखला लवकर घ्या. न्यायालय सरकारी डॉक्टरांकडून वेगळी तपासणीही करवून घेऊ शकते.

खाती, कर्जे, मालमत्ता यांची यादी करा. पावत्या जपा. धीर सोडू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे: पालकावर देखरेख मागा. २०२०च्या त्या प्रकरणात न्यायालयाने विधी सेवा प्राधिकरणाला पत्नीच्या कारभारावर लक्ष ठेवायला सांगितले होते. माझ्यावरही बाहेरच्या कोणाला तरी लक्ष ठेवू द्या, असे मीच वकिलांना म्हटले. जो नातेवाईक हिशेब द्यायला तयार नाही, त्याला रुग्णाच्या अंगठ्याजवळ फिरकू देऊ नका. मग तो सख्खा भाऊ का असेना.